सहा प्रश्न आणि एक ऋतू

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण बहुधा शेवटाकडून वाचतो. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. हा शेवट इतका हृदयद्रावक आहे, की त्याच्या छायेत आधीचे सारे काही पूर्वसूचनेसारखे भासू लागते. मग परदेशगमनाचा निर्णयही आपल्याला एक तर अलौकिक धाडस वाटतो, नाही तर अमेरिकेच्या थंडीपुढे नेऊन उभा करणारा पतीचा हट्ट. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र निर्णय हा निर्णयाच्या दिवशी उभे राहून वाचावा, असे आम्हांला वाटते. त्या दिवशी पुढचे काहीच ठरलेले नसते.

आनंदीबाईंच्या बाबतीत हे शक्य आहे, कारण तो दिवस नोंदलेला आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. विल्यम कॅरीने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले, तेच हे श्रीरामपूर. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही अठरा वर्षेही पुरी न झालेली स्त्री आपण अमेरिकेस का जातो, याचा खुलासा तेथे देत होती. भाषणाची मांडणी सहा प्रश्नांची आहे. अमेरिकेस का जायचे? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटीनेच का जायचे? परतल्यावर जात बहिष्कार घालणार नाही काय? संकट ओढवले तर काय करणार? आणि आजवर कोणत्याही स्त्रीने केले नाही, ते आपणच का करावे?

या सहांत हवामानाचा प्रश्न नाही. ही अनुपस्थिती आम्हांला बोलकी वाटते. १८८० च्या खानेसुमारीत फिलाडेल्फियाची वस्ती ८,४७,१७० होती आणि अमेरिकेत न्यूयॉर्कच्या खालोखाल तिचाच क्रमांक लागत होता. तेथे हिवाळ्यात बर्फ पडतो, पारा शून्याच्या खाली उतरतो. कोकणपट्टीत वाढलेल्या माणसाला याची कल्पना ऐकूनच करावी लागणार. पण श्रोत्यांच्या मनात थंडी नव्हती. त्यांच्या मनात धर्म होता, समुद्र होता, आणि नवऱ्यावाचून निघालेली बाई होती. समाज जे प्रश्न विचारतो त्यांचीच उत्तरे माणूस तयार ठेवतो. शरीराला पुढे जे प्रश्न पडणार असतात, ते सभेत कोणी विचारत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे वजन आज विशेष जाणवते. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना १८७५ पासून प्रवेश होता, आणि आनंदीबाईंना ते ठाऊक होते. म्हणजे घराजवळचा पर्याय अगदीच नव्हता असे नाही. त्यांचा आक्षेप होता तो येथे मिळणाऱ्या शिक्षणाच्या अपुरेपणावर आणि शिकवणाऱ्यांच्या वृत्तीवर. पुढच्या एक-दोन वर्षांतच मुंबई आणि कलकत्ता येथील वैद्यकीय महाविद्यालयांचे दरवाजेही स्त्रियांसाठी उघडले. थोडे थांबल्या असत्या तर, असे म्हणणे आज सोपे आहे. पण दरवाजा कधी उघडणार हे ठाऊक नसताना थांबणे म्हणजे प्रतीक्षा नव्हे, माघार असते. दूर फिलाडेल्फियात स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० पासून उभे होते.

निर्णय कोणाचा, हा वाद जुना आहे. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्याला पहिले पत्र १८७८ साली लिहिले. ते छापून आल्यावर न्यूजर्सीतील रोझेल येथील मिसेस कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. बेताची कल्पना गोपाळरावांची, त्यामागची सक्तीही त्यांची, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले आणि दहाच दिवसांत दगावलेले मूल, आणि स्त्रियांना स्त्री-वैद्याची असलेली निकड, या गोष्टी आनंदीबाईंच्या स्वतःच्या होत्या. एखादा निर्णय दुसऱ्याने सुरू करावा आणि आपण तो आपला करून घ्यावा, असे घडू शकते. श्रीरामपूरचे भाषण ही त्या आपलेपणाची नोंद आहे.

चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी दिलेला शब्द सर्वांना ठाऊक आहे: आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, आहार आणि पोशाख बदलणार नाही. थंडीचा न विचारलेला प्रश्न नेमका येथे येऊन भिडला. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्या वर्षीच्या शरद ऋतूत फिलाडेल्फियात अभ्यास सुरू झाला आणि मागोमाग हिवाळा आला. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. बर्फात ते निभेना. पाश्चात्त्य झगा घालणे म्हणजे वचनभंग. त्यांनी काढलेली वाट अशी, की गुजराती पद्धतीचे पायघोळ लुगडे नेसावे. पोशाख देशीच राहिला, फक्त प्रांत बदलला. आमच्या मते हा लहानसा बदल त्या काळच्या सुधारणावादाचे मर्म सांगतो. परंपरा टिकवण्याचा शब्द पाळायचा, तर परंपरेतूनच दुसरी घडी शोधावी लागते. आणि हा शोध व्याख्यानात लागत नाही; गारठलेल्या पायांना लागतो.

थंडीने त्यांचा बळी घेतला, असे सरसकट लिहिले जाते. येथे सावध राहिले पाहिजे. क्षयाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे श्रीरामपूरच्या भाषणाच्या अवघे अकरा महिने आधी, जाहीर केले होते. क्षय थंडीने होत नाही. शिवाय अशक्तपणा, डोकेदुखी, मधूनमधून ताप या तक्रारी आनंदीबाईंना बंगालमध्ये असतानाच सुरू झाल्या होत्या आणि मिसेस कार्पेंटर त्यांच्यासाठी अमेरिकेहून औषधे पाठवीत होत्या. परक्या हवेने, अपुऱ्या आहाराने आणि अभ्यासाच्या ताणाने प्रकृती खालावली असेल, हे संभवते. पण आजाराचे मूळ फिलाडेल्फियाच्या बर्फात आहे असे म्हटले, की घरी राहिलेल्या सुरक्षित होत्या असा अर्थ आपोआप निघतो. त्या काळच्या माजघरांत, अंधाऱ्या बाळंतखोल्यांत किती स्त्रिया गेल्या, याचा हिशेब मग कोणी मागत नाही. आनंदीबाई नेमक्या त्या हिशेबासाठी निघाल्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती; ते काम त्यांच्या हातून झाले नाही. म्हणून निर्णय चुकला, असे ठरत नाही. जो निर्णय हाती असलेल्या माहितीवर, पर्याय तोलून आणि किंमत ओळखून घेतला जातो, तो फळावरून खोटा ठरवता येत नाही. आजही मराठी घरांतून तरुण माणसे शिकागोला, टोरांटोला निघतात आणि आप्तेष्ट त्यांना आपापले सहा प्रश्न विचारतात. आनंदीबाईंच्या भाषणातून घ्यावे असे काही असेल, तर ते धाडस नव्हे. जाणाऱ्याने आपल्या कारणांची उत्तरे स्वतः, आणि जमल्यास मोठ्याने, देता आली पाहिजेत. सातवा प्रश्न ऋतू विचारणारच असतो.