बाहेरचं खाणं: जव्हार, खोडाळा, सूर्यमाळ

मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी एक प्रश्न पाठवला. "सर, तुम्ही मूळचे जव्हारकडचे. गावाकडे गेलात की कुठे खाता? पावसाळ्यात आम्ही सूर्यमाळला जाणार आहोत, चार जागा सांगा." प्रश्न साधा आहे, त्याचं उत्तर आम्ही देणारच आहोत. पण त्या उत्तराच्या मागे या भागाचा पाऊणशे वर्षांचा इतिहास उभा आहे. म्हणून आज खाता खाता तो इतिहास पाहू.

ज्यांना भूगोल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वीचा ठाणे जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी विभागला गेला आणि पालघर जिल्हा झाला. त्याच्या पूर्वेकडचा डोंगराळ भाग म्हणजे जव्हार आणि मोखाडा हे तालुके. जव्हार हे मुकणे घराण्याचं, महादेव कोळी राजांचं संस्थान होतं. मोखाडा तालुक्यात खोडाळा ही बाजारपेठ आणि तिथून पुढे सूर्यमाळ, म्हणजे या भागातला उंच माळ. कसाऱ्याला रेल्वेतून उतरलात की विहीगाव, खोडाळा करत वर येता येतं. नाशिककडून यायचं तर त्र्यंबकेश्वरवरून. राहणारी माणसं मुख्यतः वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी.

आता जागा. आम्ही गेलो की पहिला थांबा जव्हारच्या एस.टी. स्टँडजवळचं साधं हॉटेल. लाकडी बाक, काचेचे ग्लास, कढईतून नुकता निघालेला बटाटावडा, तिखट रश्शाची मिसळ. दुसरी जागा खोडाळ्याचा आठवडे बाजार. तिथं कांदाभजी, शेव, जिलबी. पुडकं हातात घेऊन उभ्यानंच खायचं. तिसरी जागा सूर्यमाळच्या रस्त्याकडेला पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या टपऱ्या. ताडपत्रीचं छप्पर, तीन दगडांची चूल, चहा, भाजलेलं कणीस. धुकं असलं की टपरी आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना दिसते. चौथी जागा शेवटी सांगू.

या तीन जागांच्या ताटलीकडे जरा इतिहासाच्या नजरेनं पाहा. बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आली. पाव हा शब्दच पोर्तुगीज. हरभरा देशावरचा, साखर देशावरच्या कारखान्यांची. चहा आसामचा, तो मराठी मुलखात घरोघरी पोचला तो विसाव्या शतकात, आणि 1930 च्या दशकात चहाच्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी जोरदार प्रचार केला होता. म्हणजे आपण "गावाकडची चव" म्हणून जे चवीनं खातो, त्यातलं जवळजवळ काहीच या डोंगरात पिकत नाही!

मग पिकतं काय? खाचरात भात. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई. जोडीला उडीद आणि खुरासणी. नागली म्हणजेच नाचणी. राब भाजायचा, त्यात रोप करायचं, पाऊस लागला की आवणी करायची. कणसं हाती येतात ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. घराघरातलं जेवण म्हणजे नागलीची भाकर, सालासकट उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात रानभाज्या आणि ओढ्यातले खेकडे, उन्हाळ्यात सुकट-बोंबील. आमच्या लहानपणी यातला एकही पदार्थ हॉटेलात मिळत नसे. प्रश्न असा, की का मिळत नसे?

आम्हाला याची दोन कारणं दिसतात, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिलं कारण एका बाईंनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी सूर्यमाळच्या वाटेवर एका मावशींच्या टपरीत आम्ही विचारलं, "मावशी, भजी ठेवता, भाकर का नाही ठेवत?" त्या म्हणाल्या, "सर, भाकर तर घरची. ती कशी विकायची?" आम्ही उभं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवलं, दान आणि विनिमय यांतला फरक इतक्या कमी शब्दांत आम्हाला वर्गात कधी सांगता आला नव्हता. दारी आलेल्याला भाकर द्यायची असते. विकत द्यायचं ते बाजारातून आणलेलं, बेसन आणि बटाट्याचं.

दुसरं कारण कडू आहे. नागलीची भाकर काळपट. शहरातून आलेला मास्तर, तलाठी, व्यापारी तिला गरिबाचं खाणं म्हणायचा. शाळेतली पोरं डब्यातली भाकर झाकून खायची. अन्नाची निंदा करू नये, हे व्रत तैत्तिरीय उपनिषदानं सांगून ठेवलंय. पण निंदा फक्त शब्दांनी होत नाही, ती फळ्यावरच्या यादीतून गाळूनही होते. गंमत बघा, 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात त्याचा दहावा हिस्साही नसतो. ज्याला हीन ठरवलं तेच अन्न जास्त कसदार होतं.

हॉटेल या भागात रुजलं ते रस्त्याबरोबर. त्याआधी प्रवासी शिदोरी बांधून निघायचा. 1948 साली दोन गोष्टी घडल्या. जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आणि 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी.ची पहिली गाडी धावली. पुढे एस.टी. डोंगरात आली. जिथं गाडी थांबते तिथं माणूस अर्धा तास ताटकळतो, आणि ताटकळणाऱ्या माणसाला चहा लागतो. बहुतेक खेडेगावांतल्या हॉटेलांचा जन्म हा असा आहे.

1950 मध्ये राज्यघटना लागू झाली. तिच्या 15 व्या अनुच्छेदात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन म्हटलंय, की धर्म, जात, वंश यांवरून तिथं कुणाला मज्जाव करता येणार नाही. घटनेनं हॉटेलची दखल घेतली, कारण एका बाकावर बसून चहा पिणं ही तेव्हा क्रांतीच होती. पण कायदा बाकापर्यंत यायला वेळ लागला. आम्ही लहान असताना बाजाराला आलेली आदिवासी माणसं हॉटेलच्या पायरीवर बसून चहा घेत. कुणी हाकलत नसे. "आत बसा" असंही कुणी म्हणत नसे.

इथवर बाहेर खाण्याची गोष्ट झाली. पण या भागात "बाहेर" या शब्दाला दुसरा अर्थ आहे, आणि आमच्या मते आजच्या विषयाचं खरं मर्म तिथं आहे. दिवाळी झाली, पिकं निघाली की इथली कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेतीच्या कामावर निघतात. होळीला परत येतात, पुन्हा जातात, पावसाच्या तोंडावर शेतीसाठी घरी येतात. याला ते स्थलांतर म्हणत नाहीत. ते म्हणतात, "जगायला जातो." आपण सुटीत बाहेर खायला जातो, ते बाहेर जगायला जातात. आपण ज्या एस.टी.तून हौसेनं उतरतो, तिच्यातच ती माणसं भांडी आणि पोरं घेऊन चढतात.

कारण वरकस जमिनीतली नागली वर्षभर पुरत नाही. पावसाळ्यात कणगी रिकामी व्हायची, मग सावकाराकडून खावटी, म्हणजे खाण्यापुरतं धान्य उसनं घ्यायचं आणि पीक आल्यावर वाढवून फेडायचं. सरकारनं 1978 पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज सुरू केलं ते याच्यावर उपाय म्हणून. तरीही 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी देश हादरला. 2015 पासून राज्याच्या आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचं शिजवलेलं पूर्ण जेवण मिळू लागलं. तेव्हा आम्हाला कुणी विचारलं, की या दोन तालुक्यांतली खाण्याची सर्वांत महत्त्वाची सार्वजनिक जागा कोणती, तर आम्ही अंगणवाडी म्हणू. तिथं ताट वेळेवर वाढलं जातं की नाही, यावर एका पिढीची उंची ठरते.

आणखी एक हिशोब. मुंबईत कुठल्याही हॉटेलात बसलात की वेटर आधी पाण्याचा ग्लास ठेवतो. त्या पाण्याचा मोठा वाटा वैतरणेचा आहे. मोडकसागर 1957 मध्ये पूर्ण झाला. मोखाडा तालुक्यात कोचाळे इथं बांधलेलं मध्य वैतरणा धरण 2014 पासून मुंबईला रोज 45.5 कोटी लिटर पाणी देतं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे एकदा शांतपणे ठरवायला हवं.

आता वारं फिरलंय. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं. शहरात नागली पाकिटातून मिळते, बिस्किटातून मिळते, आणि सूर्यमाळच्या रस्त्यावर "चुलीवरची नागलीची भाकरी" अशी पाटीही दिसू लागली आहे. इकडे पाड्यावर 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनचा तांदूळ स्वस्तात दिला. त्यानं भूक भागली, हे मोलाचंच; पण कष्टाची नागली लावण्यापेक्षा रेशनचा तांदूळ शिजवणं सोपं झालं. म्हणजे भाकर फळ्यावर आली तेव्हा ती चुलीवरून उतरायला लागली होती. ज्यांनी ती हिणवली त्यांची नातवंडं आता ती मागवून खातात. आम्हाला यात आनंद आहे, पण तो अर्धाच आहे.

तर मंडळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. स्टँडवरची मिसळ खा, बाजारातली भजी खा. आणि आमची चौथी जागा: सूर्यमाळच्या आसपास कुणाच्याही घरी आदल्या दिवशी निरोप द्या आणि नागलीची भाकर, उडदाची आमटी, हंगामातली रानभाजी एवढंच मागा. आयत्या वेळी मागू नका. पीठ दळायचं असतं, भाजी रानातून आणायची असते. पैसे ठरवून, न घासता द्या. शक्य झालं तर येताना दोन-चार किलो नागली त्याच घरातून विकत घ्या, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात ती लावायला एक कारण उरेल. आणि मावशींनी शेवटची भाकर पैसे न घेता वाढली तर वाद घालू नका. ती घरची असते.