जिवंत आवाजाचा शोध : कर्ण्यापासून स्टिरिओपर्यंत

घरी गाणे लावले आणि गवई समोरच्या सतरंजीवर बसून गातो आहे असे वाटले, की आपण म्हणतो, "आवाज अगदी जिवंत आहे." हा जिवंतपणा येतो कुठून? यंत्राची किंमत वाढली की तोही वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर आम्हांला तसे वाटत नाही.

ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात आले आणि त्यांनी गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचे. आवाजाच्या दाबाने पडदा हले आणि सुई मेणावर रेघ कोरी. दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कारागिरांना ते नाव उपयोगी पडे. या पद्धतीत माणसाचा गळा बऱ्यापैकी उमटे, पण खर्ज आणि तंबोऱ्याची बारीक झणकार बाहेरच राही. थोडक्यात, जवारी हरवे.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. आता गायकाला ओरडावे लागेना. हा फरक ऐकायचा असेल तर उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. खाँसाहेब तरुणपणी आपल्या जवळच्याच बडोद्याच्या गायकवाड दरबारी होते. हिराबाई बडोदेकर त्यांच्याच कन्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी कर्ण्यात गायिले आणि १९३० नंतरच्या दशकात मायक्रोफोनपुढे. पुढच्या मुद्रिकांत त्यांचा हळुवार, तंबोऱ्यात विरघळणारा सूर अधिक स्पष्ट मिळतो.

इथेच एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकूनच गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींनी १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडले. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्यांना गुरू लाभले. त्या काळच्या तबकडीत किती खरखर असेल! तरीही आवाज त्या मुलापर्यंत जिवंत पोचला. यंत्र उणे असले तरी लक्ष देऊन ऐकणारा कान पुष्कळ काही भरून काढतो.

त्यानंतरची पायरी दोन कानांची. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. इंग्रज अभियंता ॲलन ब्लमलाइन याने हे हेरून १९३१ साली स्टिरिओ पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४८ मध्ये अमेरिकेत एल.पी. निघाली, आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले. विलंबित ख्याल सावकाश मांडायला आता जागा मिळाली. स्टिरिओ तबकड्या मात्र १९५८ च्या सुमारास बाजारात आल्या. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली, १९८२ मध्ये सीडी. खरखर गेली, खर्जही आला, तंबोराही आला.

मग आपल्या घरी तो ऐकू का येत नाही? कारण शेवटचे यंत्र म्हणजे आपली खोली. सुरतेच्या फ्लॅटमध्ये खाली टाइल्स, समोर काच, भिंती उघड्या. आवाज सगळीकडून आपटून परत येतो आणि मूळ सुरावर चढतो. शोकेसच्या वर एक आणि टीव्हीखाली दुसरा स्पीकर ठेवला की ब्लमलाइनची सारी मेहनत वाया जाते.

आम्ही सरकारी नोकरीतली माणसे, दरवर्षी नवे यंत्र घेणे परवडत नाही. पण पुढच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत. दोन्ही स्पीकर कानांच्या उंचीवर ठेवावेत. ते कोपऱ्यात कोंबू नयेत, भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्यावेत, नाहीतर खर्ज घुमतो. दोघांमध्ये जितके अंतर, साधारण तितक्याच अंतरावर आपण मध्यभागी बसावे. खाली सतरंजी घालावी. पडदे जाड आणि भरपूर चुण्यांचे हवेत. कापडाच्या गावात राहून त्यांची वाण कशाला? साडीचे झिरझिरीत कापड मात्र इथे कामाचे नाही. पुस्तकांचे कपाट असल्यास उत्तम.

आता परीक्षा. जुने नाट्यगीत लावावे. ते एकाच वाहिनीवर मुद्रित झालेले असते, म्हणून गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. तो पसरट आणि पोकळ वाटला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागलेल्या असण्याचा संभव आहे. त्या बदलून पाहाव्यात. मग एखादा ख्याल लावावा आणि आवाज कमी करीत जावे. कमी आवाजातही तंबोरा ऐकू येत राहिला, तर जमले. मोठा आवाज म्हणजे जिवंत आवाज नव्हे, हे गणेशोत्सवाच्या दिवसांत वेगळे सांगायला नको.

हे सगळे आजच सांगण्याचे कारण आहे. आपल्या अनेक जुन्या घरांत कॅसेटी पडून आहेत. एखाद्या उत्सवातली मैफल, आजोबांचे कीर्तन, आजीच्या ओव्या. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात तळमजल्यावरच्या घरांतले असे कितीतरी धन चिखलात गेले. जे उरले, त्याला सुरतेची दमट हवा बुरशी लावते आहे. बाजारातले गाणे पुन्हा विकत मिळेल, पण आजीचा आवाज कुठल्या दुकानात मिळणार? ज्यांच्याकडे चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आहे त्यांनी शेजाऱ्यांच्या कॅसेटीही संगणकावर उतरवून द्याव्यात, आणि त्या नातवंडांना नीट मांडलेल्या दोन स्पीकरांसमोर बसवून ऐकवाव्यात. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांच्या कानांवर घरातली मराठी अशीच पडेल.

गणपती बाप्पा मोरया!