आपल्या सोसायटीच्या गरम पाण्याचा इतिहास

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा गणेशोत्सव, बाग आणि जुने फोटो हे विषय आधीच वाटले गेले होते. म्हटलं, मी गरम पाण्यावर लिहितो. मंडळी हसली. पण इतिवृत्ताची रजिस्टरं काढून बसलो, तर पार्किंगच्या खालोखाल सर्वांत जास्त चर्चा गरम पाण्यावरच झालेली दिसली. त्यातला एक अध्याय माझ्या चुकीचा आहे. तोही लिहितो, कारण तो रजिस्टरात दोनच ओळींत उरकला आहे.

आपल्यापैकी बरेच जण जुन्या नाशकातल्या वाड्यांतून इथे राहायला आले. वाड्यात बंब असायचा. तांब्याचा, मधोमध निखाऱ्यांची नळी आणि भोवती पाणी. तो पेटवायचं काम घरातल्या पहिल्या उठणाऱ्याचं. आमच्याकडे एक नियम होता, तो आजी मोडू देत नसे: एक बादली गरम काढलीस, तर एक बादली गार ओतूनच बाहेर ये. न ओतता कोणी बाहेर आला, तर पुढच्याची हाक सगळ्या वाड्याला ऐकू जायची. नाशकातली जानेवारीची थंडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती हाक कशी असेल हे सांगायला नको.

२००० साली आपण इथे आलो आणि बंब माळ्यावर गेले. सोळा फ्लॅट, प्रत्येक बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर. गीझर हे नाव मूळचं आइसलँडमधल्या उकळत्या पाण्याच्या झऱ्याचं. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी गॅसवर पाणी तापवणारं घरगुती यंत्र काढलं आणि त्याला ते नाव दिलं. आपल्याकडे आला तो विजेवरचा. बटण दाबा, लाल दिवा जाईपर्यंत थांबा, झालं. गार पाणी ओतायची कटकट नाही. ते आपोआप खालून आत शिरतं आणि वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं.

पहिली तक्रार मुलांनी शॉवर वापरायला सुरुवात केल्यावर आली. "बाबा, तीन मिनिटांत पाणी गार होतं. गीझर बिघडलाय." गीझर ठणठणीत होता. हिशेब असा: टाकीतलं १५ लिटर पाणी ६० अंशांवर आहे आणि नळाचं पाणी १५ अंशांवर. दोन्ही मिसळून अंगाला सोसेल असं ४० अंशांचं पाणी केलं, तर फार तर २७ लिटर होतं. म्हणजे दीड बादली. बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्याला ते पुरून उरतं. मिनिटाला १० लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ते तीन मिनिटांतच संपतं. पुन्हा तापायला दोन किलोवॉटच्या कॉइलला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने कॉइलवर क्षारांचं पांढरं पुट चढलं असेल, तर आणखी वेळ.

मग आले लोडशेडिंगचे दिवस. भल्या सकाळी वीज जायची आणि शाळेची मुलं गॅसवर तापवलेल्या पातेल्यातल्या पाण्याने आंघोळ करायची. त्या त्रासातूनच २००९ मध्ये सौर बंबाचा ठराव झाला. सभा अडीच तास चालली. "पावसाळ्यात काय करायचं?", "गच्चीवर वाळवण कुठे घालायचं?" हे दोन प्रश्न रजिस्टरात जसेच्या तसे आहेत. शेवटी २० पॅनेल आणि २००० लिटरची टाकी बसली, म्हणजे फ्लॅटमागे १२५ लिटर. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल.

ही कल्पनाही जुनीच. १८९१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी सौर बंबाचं पेटंट घेतलं होतं. पण त्यात पाणी तापायचं आणि साठायचं एकाच ठिकाणी, त्यामुळे रात्री ते निवून जायचं. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवणारा भाग वेगळा केला आणि टाकी वेगळी, थंडी न लागेल अशी गुंडाळलेली. तेव्हापासून कालच्या उन्हात तापलेलं पाणी आज पहाटे मिळू लागलं. आपली नरक चतुर्दशीची पहिली आंघोळ सौर बंबावर होते, ती या युक्तीमुळेच.

सात वर्षं कुरकुर नव्हती. सुरुवातीची अर्धी बादली गार यायची, कारण पाइपात रात्रभर उभं असलेलं पाणी आधी बाहेर पडायला हवं. ती बादली बहुतेक घरी धुण्यासाठी जायची.

२०१६ चा पावसाळा संपला आणि तक्रारी सुरू झाल्या. पाणी कोमट येतं, लवकर संपतं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तर निम्म्या घरांत उटणं लावून माणसं बसली आणि नळाला गार पाणी. त्या वेळी मी सचिव होतो. पॅनेल धुऊन घेतली, टाकीतले क्षार काढून घेतले. फरक शून्य. कॉइल चालू ठेवावी लागल्याने सामाईक विजेचं बिल वाढत चाललं होतं आणि मला उत्तर द्यायचं होतं. मी सोपं उत्तर शोधलं. तिसऱ्या मजल्यावर एका घरात सात माणसं होती. मी फलकावर नोटीस लावली: जास्त माणसं असलेल्या कुटुंबांनी गरम पाण्याचा वापर आवरावा. नाव लिहिलं नाही. पण सात माणसांचं घर सोसायटीत एकच होतं.

त्या घरातल्या काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी सौर नळ वापरणंच बंद केलं. नातीच्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापवू लागल्या. महिन्याभरात पातेलं नेताना हात हिसकला आणि पाय भाजला. हे मला शेजारच्यांकडून कळलं. आणि पाणी? ते तरीही कोमटच होतं. सात माणसांनी वापर थांबवला तरी फरक पडत नाही, म्हणजे चूक दुसरीकडे आहे, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटी एका जुन्या प्लंबर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी कसलंही यंत्र काढलं नाही. दुपारी गच्चीवर जाऊन सौर टाकीतून खाली येणाऱ्या गरम लाइनचा कॉक बंद केला आणि तळमजल्यावरचा गरम नळ सोडून खाली बादली ठेवली. म्हणाले, "पाइपातलं पाणी संपलं की धार थांबली पाहिजे." एक बादली भरली, दुसरी भरली, तिसरी लावली. धार थांबेना, आणि पाणी चक्क गार. "टाकी बंद आहे साहेब. मग हे पाणी येतंय कोणाच्या घरातून?"

मग एकेका फ्लॅटच्या गरम लाइनचा कॉक बंद करत आम्ही वरून खाली आलो. चौथा मजला, तिसरा मजला, धार तशीच. दुसऱ्या मजल्यावर माझ्या बाथरूमचा कॉक फिरवला आणि खालून ओरड आली, "थांबलं!"

त्या उन्हाळ्यात मी बाथरूम नवीन केलं होतं. मोठा शॉवर, हातात धरायचा शॉवर, गरम-गार मिसळणारा मिक्सर, आणि जोर मिळावा म्हणून फक्त गार लाइनवर प्रेशर पंप. पाणी हवं तसं जमलं की आम्ही मिक्सरचे दोन्ही नळ तसेच उघडे ठेवायचो आणि हातातल्या शॉवरचं बटण तेवढं बंद करायचो. वाटायचं, बंद झालं. पण मिक्सरच्या पोटात गरम आणि गार वाट एकमेकींना मोकळी राहायची, आणि पंपाच्या जोराने माझं गार पाणी सगळ्या इमारतीच्या गरम लाइनमध्ये शिरायचं. पहाटे आमच्याकडे कोणी उठलेलं नसताना पंप घरघरायचा. मला वाटायचं कुठेतरी थोडी गळती असेल. ते शेजाऱ्यांच्या आंघोळीत ओतलं जाणारं माझं गार पाणी होतं.

त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर गेलो. सगळं सांगितलं, माफी मागितली. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ती नोटीस तेवढी काढा हो. अजून लावलेलीच आहे." पाय अजून पट्टीत होता.

नोटीस काढली. पुढच्या सभेत चूक माझी होती असं सांगितलं आणि वाढलेल्या बिलाचा वाटा भरला. ठराव झाला: मिक्सर किंवा पंप बसवणाऱ्याने आधी कळवायचं आणि घराच्या गरम व गार दोन्ही लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावायचा, म्हणजे पाणी उलटं जाणार नाही. हा ठराव आजही लागू आहे.

म्हणून नव्या सभासदांना सांगतो. शॉवरचं पाणी लवकर संपत असेल, तर आधी शॉवरखाली बादली धरून एका मिनिटात किती भरते ते पाहा. मग गीझरच्या टाकीचे लिटर आणि कॉइलवरचे क्षार. सौर पाणी कोमट येत असेल, तर सगळ्यात आधी आपल्याच मिक्सरचे दोन्ही नळ पूर्ण बंद आहेत का ते बघा. पंप विनाकारण चालू होत असेल तर तो काहीतरी सांगतो आहे. आणि फलकावर काही लावायच्या आधी स्वतःच्या बाथरूमपासून सुरुवात करा. वाड्यात पुढच्याची हाक ऐकू यायची. पाइपातून ती येत नाही.

काकू आता मुलाकडे बंगळुरूला असतात. या स्मरणिकेची एक प्रत मी त्यांना स्वतः पाठवणार आहे.

— एक माजी सचिव