वंदनाची सक्ती आणि मौनाचा अधिकार

१९०५ पर्यंत यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. वऱ्हाडचा हा मुलूख १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. नाव बदलल्यानंतर दोन-तीन वर्षांतच यवतमाळ गावातील एका लहानशा राष्ट्रीय शाळेकडे सरकारची वक्रदृष्टी वळली. शाळेचे नाव विद्यागृह, आणि तिचे चालक तपस्वी बाबासाहेब परांजपे.

वंगभंगाच्या चळवळीचा तो काळ होता. विद्यार्थ्यांनी राजकारणात पडू नये म्हणून बंगालमध्ये १९०५ साली कार्लाईल परिपत्रक निघाले आणि १९०७ साली हिंदुस्थान सरकारच्या रिस्ले परिपत्रकाने तीच बंधने सर्वत्र लागू केली. ‘वंदे मातरम्’ हे दोन शब्द वर्गात उच्चारणे हा गुन्हा ठरला. नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याचे स्वागत मुलांनी नेमक्या त्याच शब्दांनी केले. पुढे बहुतेकांनी चुकीची कबुली दिली आणि ती शाळेत परतली. अठरा-एकोणीस वर्षांच्या केशव हेडगेवार यांनी मात्र माफी मागण्याचे नाकारले आणि त्यांना शाळेबाहेर काढण्यात आले. त्यांना आसरा मिळाला तो यवतमाळच्या विद्यागृहात. पुढे सरकारने विद्यागृहही बंद पाडले. याच हेडगेवारांनी १९२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन केला, आणि १९३० च्या जंगल सत्याग्रहासाठी ते पुन्हा याच जिल्ह्यात येऊन तुरुंगात गेले. त्यांच्या पुढील कार्याविषयी आपल्यापैकी अनेकांची मते वेगळी असतील. परंतु विद्यार्थ्याच्या तोंडचा शब्द हिसकावून घेण्याचा अधिकार शाळेला आहे काय, हा त्या दिवशीचा प्रश्न कोणा एका पक्षाचा नव्हता.

तीस वर्षांनी चित्र पालटले. १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि ज्या गीतासाठी मुले शाळेबाहेर काढली गेली, ते गीत आता सत्तेच्या बाजूने उभे राहिले. पुढील कडव्यांतील देवीस्तवनाला मुसलमान प्रतिनिधींनी हरकत घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात कोलकात्यास काँग्रेस कार्यकारिणी बसली. पहिली दोनच कडवी गावीत, आणि ज्यांना दुसरे निर्दोष गीत गावयाचे असेल त्यांना ते गाण्याची मोकळीक असावी, असे तिने ठरविले. हा तोडगा अनेकांना कमकुवत वाटला. मला त्यात शहाणपण दिसते. कारण बंदी सोसलेल्या माणसांनी सत्ता हाती येताच सक्ती करण्याचे टाळले.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न केरळातील कोट्टयम जिल्ह्यात उभा राहिला. किडंगूर येथील शाळेत दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी तीन भावंडे ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, मात्र गात नसत. पंथाच्या श्रद्धेप्रमाणे यहोवाखेरीज कोणाचेही स्तवन त्यांना वर्ज्य होते. एका आमदाराच्या हे लक्षात आले, विधानसभेत प्रश्न उपस्थित झाला, चौकशी झाली. मुलांनी राष्ट्रगीताचा अवमान केलेला नाही, असा निर्वाळा चौकशीत मिळाला; तरीही २६ जुलै १९८५ रोजी त्यांना शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. राष्ट्रगीतात कोणाच्या श्रद्धेला बाधक असा एकही शब्द नाही, असा त्या न्यायालयाचा युक्तिवाद होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी व न्या. एम. एम. दत्त यांनी ११ ऑगस्ट १९८६ रोजी तो युक्तिवाद बाजूस सारला. प्रश्न गीताच्या शब्दांचा नसून मुलांच्या प्रामाणिक श्रद्धेचा आहे; ती श्रद्धा इतरांना पटते की नाही, हे न्यायालयाने पाहावयाचे नाही, असे त्यांनी म्हटले. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानविषयक कायद्याने राष्ट्रगीत गाण्यास अडथळा आणणे हा गुन्हा ठरविला आहे, न गाणे नव्हे. शिवाय अनुच्छेद १९ मधील भाषणस्वातंत्र्यात मौनही येते, आणि मूलभूत हक्काला मर्यादा घालावयाची तर ती कायद्यानेच घालता येते. शिक्षणखात्याचे परिपत्रक त्यासाठी पुरेसे नाही. परिपत्रक! कार्लाईल आणि रिस्ले यांचेही हत्यार तेच होते. मुलांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश झाला. न्यायमूर्तींनी अमेरिकेतील निवाड्यांचाही परामर्श घेतला. तेथे १९४० साली याच पंथाच्या मुलांवरील ध्वजवंदनाची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली होती; १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरविला.

आपण कॅथलिक मंडळी राष्ट्रगीत आनंदाने गातो, तेव्हा हे सारे परक्या पंथाचे प्रकरण वाटेल. ते तसे नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या शाळेत कोणाही मुलास, त्याच्या पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक उपासनेस उपस्थित राहावयास भाग पाडता येत नाही. म्हणजे आपल्या शाळांतील सकाळच्या प्रार्थनेलाही हाच दंडक लागू आहे. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला होता; २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तशी सक्ती मूलभूत हक्काचा भंग ठरविली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणापत्रात बळजबरीने श्रद्धा निपजत नाही, असेच सांगितले होते. २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या, की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळी संविधानाची उद्देशिका वाचावी. महाराष्ट्रातील शाळांत ती २६ जानेवारी २०२० पासून वाचली जातेच.

अमरावती धर्मप्रांतातल्या, किंवा आपल्या वसईतल्या, एखाद्या शाळेच्या प्रांगणात उद्या एखादे मूल राष्ट्रगीताच्या वेळी नुसते स्तब्ध उभे राहिले तर काय करावे, याविषयी १९८६ चा तो निर्णय आजही बंधनकारक आहे. तो आपल्या मुख्याध्यापकांच्या वाचनात आला आहे काय, हे पालक-शिक्षक सभेत एकदा विचारावयास हरकत नाही.