मुन्स्टरचे तीन पिंजरे

जर्मनीत मुन्स्टर नावाचं शहर आहे. तिथल्या सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहिलंत, तर घड्याळाच्या वर तीन लोखंडी पिंजरे टांगलेले दिसतात. खाली कॅफे, सायकली, सेल्फी काढणारे पर्यटक. वर हे पिंजरे. १५३६ साली त्यांत तीन माणसांची प्रेतं ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दहशत बसावी म्हणून.

या तिघांचा गुन्हा काय? पाठ्यपुस्तकी उत्तर असं की ते 'पाखंडी' होते, जगाचा अंत जवळ आलाय म्हणत होते. पण थांबा. त्या काळी जगाचा अंत जवळ आलाय असं खुद्द मार्टिन ल्यूथरलाही वाटत होतं. मग पिंजऱ्यात हेच का गेले? आजचा भाग त्या 'का'बद्दल आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. बायबलचं शेवटचं पुस्तक म्हणजे 'प्रकटीकरण'. त्याच्या २०व्या अध्यायात एक हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख येतो: सैतान बांधला जाईल आणि ख्रिस्ताबरोबर त्याचे विश्वासू लोक राज्य करतील. या मोजक्या ओळींवरून ख्रिस्ती लोक शतकानुशतकं भांडत आलेत. काही म्हणतात, ख्रिस्त आधी परत येईल आणि मग हे राज्य सुरू होईल. काही म्हणतात, आधी जग सुधारत जाईल आणि ख्रिस्त शेवटी येईल. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने तिसरंच वळण दिलं. हजार हा आकडा शब्दशः घेऊ नका, चर्चचा आत्ताचा काळ म्हणजेच ते राज्य, असं तो म्हणाला. सत्तेत बसलेल्या चर्चला हा अर्थ फार सोयीचा होता. राज्य आलेलंच आहे म्हटल्यावर नवीन राज्याची वाट कोण बघणार?

आता दुसरा धागा, तारणाचा. तारण म्हणजे पापातून सुटका, देवाकडे परतणं. त्याची पहिली पायरी बाप्तिस्मा, आणि तो तान्ह्या बाळालाच द्यायचा असा रिवाज. १५२५च्या जानेवारीत झ्युरिकमध्ये काही तरुणांनी विचारलं की ज्या बाळाला काही कळतच नाही, त्याचा विश्वास कसला? आणि त्यांनी मोठेपणी, समजून उमजून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. विरोधकांनी त्यांना नाव ठेवलं 'अ‍ॅनाबॅप्टिस्ट', म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून एवढा गदारोळ? पण त्या काळात बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे जवळजवळ नागरिकत्वाची नोंद. जन्माला आलात की आपोआप चर्चचे आणि आपोआप राजाचे. हे लोक म्हणत होते की चर्चमध्ये यायचं की नाही हे मी ठरवणार. म्हणजे तारणाची किल्ली सरकारच्या हातातून काढून घेणं. बरेचसे लोक शपथ घ्यायला आणि शस्त्र धरायलाही नकार देत. दोन वर्षांत, १५२७मध्ये, त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला झ्युरिकच्या लिमाट नदीत बुडवून मारलं. पाणीच हवंय ना, मग घ्या पाणी! मारणारे कॅथलिक नव्हते बरं का, सुधारक मताचे होते. १५२९मध्ये पुन्हा बाप्तिस्म्याला साम्राज्यभर देहदंडाचा कायदा झाला.

१५३०मध्ये ल्यूथरच्या बाजूच्या लोकांनी ऑग्सबर्गला आपल्या श्रद्धेचा जाहीरनामा सम्राटापुढे वाचला. त्यातलं १७वं कलम शेवटच्या न्यायाबद्दल आहे. त्यात दोन मतं धिक्कारली आहेत. एक, नरकातल्या शिक्षेला कधीतरी शेवट आहे हे मत. आणि दुसरं, पुनरुत्थानाच्या आधीच धार्मिक लोक या जगात आपलं राज्य स्थापतील हे मत. पहिलं मत तर तिसऱ्या शतकातल्या ऑरिजेनपर्यंत मागे जातं. शेवटी सगळेच देवाकडे परततील, अशी आशा त्याने मांडली होती. एवढी दयाळू कल्पनासुद्धा पाखंड ठरली, हे मला आजही खटकतं.

आता १५३३ साल. या एकाच वर्षात दोन माणसांनी शेवटाचं भाकीत केलं. त्यांच्या गोष्टी शेजारी ठेवून बघा.

पहिला मिखाएल श्टीफेल. ल्यूथरचा मित्र, पाळक आणि गणिताचा वेडा. बायबलमधल्या अक्षरांचे आकडे करून त्याने तारीख काढली: १९ ऑक्टोबर, सकाळी ८ वाजता. अगदी वेळेसकट! गावकरी त्याच्याबरोबर वाट बघत बसले. ८ वाजले, काहीच झालं नाही. श्टीफेलला काही आठवडे अटकेत ठेवलं, ल्यूथरने रदबदली केली आणि पुढे त्याला दुसऱ्या गावात पाळकाची जागाही मिळाली. १५४४मध्ये त्याने गणितावर मोठा ग्रंथ लिहिला. शाळेत आपण जे घातांक शिकतो, त्यांच्या इतिहासात त्याचं नाव आदराने येतं.

दुसरा मेल्कियोर हॉफमन. फरचे कपडे बनवणारा कारागीर, फिरता प्रचारक आणि अ‍ॅनाबॅप्टिस्ट. त्याचं म्हणणं, शेवट याच वर्षी येणार आणि स्ट्रासबुर्ग हे नवं यरुशलेम होणार. तो स्वतःहून स्ट्रासबुर्गच्या तुरुंगात गेला. वर्ष संपलं, शेवट आला नाही. हॉफमन सुमारे दहा वर्षांनी तुरुंगातच वारला.

चूक तीच, वर्षही तेच. फरक एवढाच की श्टीफेल 'आपल्यातला' होता. गुन्हा ठरला तो बाप्तिस्मा, चुकलेली तारीख नव्हे.

हॉफमन आत गेल्यावर त्याचे अनुयायी पोरके झाले. त्यांना हार्लेमचा एक बेकरीवाला मिळाला, यान मॅथिस. तो म्हणाला, नवं यरुशलेम म्हणजे मुन्स्टर. आणि खरोखरच फेब्रुवारी १५३४मध्ये तिथल्या नगरपरिषदेची निवडणूक अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी जिंकली. नेदरलँड्समध्ये शोधून शोधून मारले जाणारे लोक तिकडे निघाले. ज्यांना कुठेच थारा नाही, त्यांना 'एक शहर तुमचं आहे' ही बातमी कशी वाटली असेल?

पण सत्ता हातात आल्यावर या लोकांनी काय केलं? जे पुन्हा बाप्तिस्मा घेईनात, त्यांना ऐन थंडीत शहराबाहेर हाकललं. श्रद्धा सक्तीची नको म्हणणारेच सक्ती करायला लागले! बिशपच्या फौजेने वेढा घातला. ईस्टरला देव सुटका करणार असं मॅथिसने सांगितलं. त्या दिवशी मूठभर माणसं घेऊन तो बाहेर पडला आणि मारला गेला. मग पुढे आला पंचविशीतला एक शिंपी, लायडनचा यान. सामायिक मालमत्ता आधीच सुरू झाली होती. याने एकापेक्षा जास्त लग्नांचा नियम आणला, विरोध करणाऱ्या डझनावारी लोकांना मारलं आणि सप्टेंबरमध्ये स्वतःला राजा जाहीर केलं. त्याला १६ बायका होत्या. त्यातल्या एलिझाबेथ वांडशेररचं त्याने भर बाजारात डोकं उडवलं. बाहेर लोक भुकेने मरत होते आणि दरबार सजत होता.

जून १५३५मध्ये आतल्याच एका सुताराने, हाइनरिश ग्रेसबेकने, फौजेला वाट दाखवली. मग सर्रास कत्तल झाली. कॅथलिक बिशपला ल्यूथरपंथी राजांनी पैसा आणि सैन्य पुरवलं होतं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे इथे मात्र एकत्र! २२ जानेवारी १५३६ रोजी यान, क्निपरडोलिंग आणि क्रेख्टिंग या तिघांना तापलेल्या सांडशींनी हाल करून मारलं आणि पिंजरे वर चढले.

मुन्स्टरमध्ये जे झालं ते भयंकरच होतं, त्याची सफाई देता येणार नाही. पण क्रम विसरू नका. मान्झ १५२७मध्ये बुडवला गेला, कायदा १५२९चा. मुन्स्टर त्यानंतरचं आहे. पुढे मात्र शतकानुशतकं 'बघा, मुन्स्टर!' असं म्हणून निरुपद्रवी लोकांना छळलं गेलं. त्याच १५३६च्या जानेवारीत मेनो सायमन्स नावाच्या डच धर्मगुरूने कॅथलिक चर्च सोडलं आणि तलवार कधीच उचलायची नाही असं सांगत या विखुरलेल्या लोकांना सावरलं. त्याच्या नावावरून ते मेनोनाइट म्हणवले. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, धमतरीला, १८९९च्या सुमाराला आलेले अमेरिकन मिशनरी याच परंपरेतले.

२०१०मध्ये श्टुटगार्टला जगभरच्या ल्यूथरपंथी चर्चच्या महासंघाने मेनोनाइटांची अधिकृतपणे माफी मागितली. धिक्काराची ती वाक्यं ऑग्सबर्गच्या जाहीरनाम्यात अजूनही आहेत. आणि पिंजरेही अजून मनोऱ्यावर आहेत. १९८७मध्ये एका कलाकाराने त्या तिन्हींत एकेक मंद दिवा लावला. अंधार पडला की ते दिवे खालच्या रस्त्यावरून दिसतात.