नाक दाबलं की…

रुमाल आणलाय ना? नसेल तर बाही नाकावर धरा.

जून १८५८. लंडन. तुम्ही थेम्सच्या काठी उभे आहात. समोर पार्लमेंटची नवी इमारत. घड्याळाचा मनोरा आहे, पण घड्याळ अजून सुरू व्हायचंय आणि घंटा खालीच पडून आहे. वेळ सांगते ती नदी. ओहोटी लागली की काठचा काळा गाळ उघडा पडतो आणि उन्हात रटरटायला लागतो. सावलीतही पारा तिशीपार.

शहर पंचवीस लाखांचं. पूर्वी मैला घराखालच्या खड्ड्यात साठायचा, रात्री उपसला जायचा, शेतावर जायचा. मग फ्लशचे संडास आले, खड्डे बुजले आणि सगळं गटारांतून नदीत जाऊ लागलं. नदी भरती-ओहोटीची. दुपारी वाहून गेलेलं रात्री परत दारात.

आत चला. खिडक्यांवर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेली कापडं लटकताहेत. आता वासात वासाची भर. अचानक समितीच्या खोलीचं दार उघडतं आणि अर्थमंत्री डिझरायली बाहेर पडतात: एका हातात कागदांचा गठ्ठा, दुसऱ्या हातानं नाकाशी रुमाल, कंबरेत वाकलेले. बाजूला व्हा, त्यांना जाऊ द्या.

दुर्गंधीतूनच कॉलरा होतो, हे इथं बहुतेकांचं ठाम मत. तो पाण्यातून पसरतो असं सांगणारा डॉक्टर जॉन स्नो याच महिन्यात, १६ तारखेला, याच शहरात वारला. यांची भीती चुकीच्या कारणापायी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगू नका. चुकीच्या भीतीतून काम मात्र बरोबर होणार आहे.

कारण उपाय तयार आहे. जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याचा आराखडा दोन वर्षं पत्रव्यवहारात फिरतोय. नदीला समांतर मोठी गटारं बांधायची, मैला वाटेतच अडवायचा, शहराच्या पूर्वेला दूर नेऊन सोडायचा. वाद दोनच: नेमका कुठं सोडायचा, आणि पैसे कुणी द्यायचे?

आता १५ जुलै. डिझरायली विधेयक मांडतात. तीस लाख पौंडांचं कर्ज. फेड घरपट्टीसारख्या जादा कराच्या रूपानं लंडनकरांकडून, चाळीस वर्षं. कायदा व्हायला लागतात अठरा दिवस. दोन वर्षं रखडलेलं अठरा दिवसांत! आपल्याकडे म्हणतात तेच, नाक दाबलं की तोंड उघडतं.

जरा थांबा. २ ऑगस्टला राणीची संमती मिळालेला हा एकटाच कायदा नाही. त्याच दिवशी दुसऱ्या एका कायद्यानं कंपनी सरकारचा कारभार संपवून हिंदुस्थान थेट राणीच्या हाती दिलाय. जूनमध्ये इथं खासदार नाक धरून बसले होते, तेव्हा ग्वाल्हेरजवळ झाशीची राणी लढता लढता पडली. गटाराबद्दल निदान लंडनकरांचं तरी खासदारांनी ऐकलं. हिंदुस्थानला कुणी विचारलंही नाही.

बारा वर्षं पुढं या. १८७०. जिथं गाळ होता तिथं दगडी बांध, पोटात गटार आणि भुयारी रेल्वे. नदीतून नवी जमीन निघाली, तशी तिच्यावर नजर गेली. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारला तिथं कचेऱ्या बांधून उत्पन्न हवंय. रेल्वे स्टेशनांवर पुस्तकं विकून मोठे झालेले खासदार डब्ल्यू. एच. स्मिथ आडवे येतात: ही जागा लोकांची, इथं बाग करा. बाग झाली. आजही आहे. पुढच्या वेळी लंडनला गेलात तर तिथल्या बाकावर बसा.

पण मैला गेला कुठं? ३ सप्टेंबर १८७८ची संध्याकाळ, शहराच्या खालच्या अंगाला, गटारांच्या तोंडाजवळ. सहलीहून परतणारी ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही आगबोट कोळशाच्या जहाजाची धडक बसून बुडते. सहाशेवर माणसं जातात, तीही मैल्यानं भरलेल्या पाण्यात. वास संपला नव्हता. तो पार्लमेंटच्या खिडकीपासून लांब नेला होता, एवढंच.

शेवटचा मुक्काम. २८ ऑक्टोबर २००८, रात्र. तीच इमारत. हवामान बदलाच्या विधेयकावर मतदान चाललंय: २०५० पर्यंत हरितगृह वायू १९९०च्या तुलनेत ऐंशी टक्क्यांनी कमी करायचे. विरोधातली मतं बोटांवर मोजण्याइतकी. आणि बाहेर बर्फ पडतोय! ऑक्टोबरातला बर्फ लंडननं कित्येक दशकांत पाहिला नव्हता. तापत्या पृथ्वीचा कायदा आणि खांद्यावर हिमकण.

सवयीनं तुमचा हात खिशातल्या रुमालाकडे जातो. लांब श्वास घेऊन पाहा. थंड, स्वच्छ हवा. कर्बवायूला वासच नसतो. नाक न दाबता या सभागृहानं आज तोंड उघडलं खरं; ते उघडं ठेवायला मात्र पुढची चाळीस वर्षं कुठलीही ओहोटी मदतीला येणार नाही.