अवयव आणि अवयवकल्प

माझे एक शिक्षक अखेरच्या काळात ऑक्सिजनच्या नळीला जखडले गेले होते. फुफ्फुसांच्या ऊती हळूहळू कडक होत जाण्याचा आजार. भेटायला गेलो की सर उशाखालून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढीत. ‘प्रयोगशाळेत मानवी फुफ्फुस तयार’ अशा अर्थाचा मथळा होता. “अरे, हे माझ्यापर्यंत कधी पोचायचं?” या त्यांच्या प्रश्नावर मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. ज्या संशोधनाची ती बातमी होती, त्यात ‘फुफ्फुस’ हा शब्द एकटा नव्हताच. तिथे ‘लंग ऑर्गनॉइड’ असे होते. मथळ्यापर्यंत येताना प्रत्यय गळून पडला होता.

‘ऑइड’ हा मूळचा ग्रीक प्रत्यय सादृश्य सांगतो. मराठीत ‘अवयवाभ’ म्हणता येईल. मला मात्र ‘अवयवकल्प’ अधिक नेमका वाटतो. मृतकल्प म्हणजे मेलेला नव्हे, मरणाच्या अगदी जवळ आलेला. पाणिनीने ‘कल्प’ हा प्रत्यय किंचित अपूर्णतेच्या अर्थी सांगितला आहे. सारा प्रश्न त्या ‘किंचित’चा आहे.

या इतिहासाचा आरंभ समुद्रातल्या एका स्पंजापासून करता येतो. 1907 मध्ये एच. व्ही. विल्सन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पाण्यात सुट्या पेशींचा गढूळ साका उरला. त्या पेशी सरकत एकमेकींना चिकटल्या आणि त्यांनी पुन्हा स्पंज उभा केला. त्याच वर्षी रॉस हॅरिसनने बेडकाच्या भ्रूणातील चेतातंतू शरीराबाहेर, लसिकेच्या थेंबात वाढताना पाहिला. पेशींना रचनेचे काही अंगभूत ज्ञान असते आणि त्या देहाबाहेरही जगतात, या दोन गोष्टींवर पुढचे सारे उभे आहे.

पण लोकांच्या कल्पनेत ठसला तो अलेक्सिस कॅरेल. जानेवारी 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्याने कोंबडीच्या भ्रूणहृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. त्याच वर्षी रक्तवाहिन्या शिवण्याच्या तंत्राबद्दल आणि अवयवरोपणाच्या कामाबद्दल त्याला नोबेल मिळाले. साहजिकच त्याच्या शब्दाला वजन आले. पात्रात पुढे वाढत राहिल्या त्या केवळ संयोजी ऊतीच्या पेशी. वृत्तपत्रांत मात्र ते ‘अमर हृदय’ झाले, त्याचे वाढदिवस नोंदवले जाऊ लागले. कॅरेल 1944 मध्ये वारला. त्याच्या सहकाऱ्याने ते पात्र 1946 पर्यंत सांभाळले. 34 वर्षे! पेशी मुळात अमर असतात, हे तोवर पाठ्यपुस्तकी सत्य झाले होते. 1961 मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवले, की सामान्य मानवी पेशी सुमारे 50 विभाजनांनंतर थांबतात. मग कॅरेलच्या पात्रात काय चालले होते? खाद्य म्हणून घातल्या जाणाऱ्या भ्रूणरसातूनच ताज्या पेशी आत जात असाव्यात, असा तर्क मांडला गेला. ही लबाडी होती की अनवधान, हा वाद मिटलेला नाही. मला लबाडीपेक्षा कथेचाच जोर मोठा दिसतो. इतकी सुंदर गोष्ट खोटी पाडायला कोण धजावणार?

फुफ्फुसाच्या वाट्याला अशी सुंदर गोष्ट आली नाही. मानवी फुफ्फुसाचे पहिले रोपण जेम्स हार्डी यांनी जून 1963 मध्ये मिसिसिपीत केले. रुग्ण जन्मठेपेचा कैदी होता. तो 18 दिवस जगला. पुढच्या वीस वर्षांतले बहुतेक प्रयत्न फसले, कारण शिवलेली श्वासनलिका सांधतच नसे. 1983 मध्ये टोरांटोला जोएल कूपर यांना यश आले. तो रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. तेव्हापासून अडचण कौशल्याची कमी आणि दात्यांच्या फुफ्फुसांची अधिक.

ती उणीव प्रयोगशाळा भरून काढील, ही आशा 2006 नंतर बळावली. शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशीला भ्रूणावस्थेसारख्या मूळ स्थितीत परत नेऊन दाखवले. 2009 मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या नेदरलँड्समधील प्रयोगशाळेत उंदराच्या आतड्याच्या एकेका मूलपेशीतून आतड्याच्या अस्तरासारखी रचना वाढली. 2015 मध्ये मिशिगनच्या जेसन स्पेन्स यांच्या गटाने मानवी मूलपेशींपासून फुफ्फुसकल्प वाढवले. त्यांत श्वासमार्गासारख्या पोकळ्या आहेत, त्यांच्या अस्तराच्या पेशी आहेत. पण घडण प्रौढ फुफ्फुसाची नाही, गर्भाच्या फुफ्फुसाची आहे.

आणि काय नाही? खरा श्वासमार्ग सुमारे 23 वेळा दुभंगत जातो, शेवटी कोट्यवधी वायुकोश येतात, आणि त्यांची भिंत जागोजागी एका मायक्रॉनहूनही पातळ असते. तिच्या पलीकडे रक्त वाहते. काचपात्रातल्या त्या कणाला रक्तवाहिन्यांचे जाळे नाही, बाहेरची हवा आत येण्याची वाट नाही. तो श्वास घेत नाही.

दुसरी वाट सांगाड्याची. 2010 मध्ये लॉरा निकलसन यांच्या गटाने उंदराच्या फुफ्फुसातील पेशी धुऊन काढल्या, उरलेल्या सांगाड्यात नव्या पेशी वसवल्या आणि ते फुफ्फुस दुसऱ्या उंदरात बसवले. 45 ते 120 मिनिटे त्याने वायूंची देवाणघेवाण केली. निबंधात हे आकडे स्पष्ट दिलेले होते, म्हणून त्याबद्दल मला आदर वाटतो. 2011 मध्ये पाओलो मॅकियारिनी यांनी स्टॉकहोमला प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्या मूलपेशी पेरून ती थेट त्याच्या देहात बसवली, तेव्हा जगभर जयघोष झाला. स्वीडनमध्ये ज्या तिघांवर असे रोपण झाले, ते तिघेही पुढे दगावले. 2023 मध्ये अपील न्यायालयाने मॅकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. कॅरेलच्या कथेने पाठ्यपुस्तके चुकली होती; इथे माणसे गेली.

फुफ्फुसकल्पांचा आजचा मोठा उपयोग रोपणाचा नाही. 2020 मध्ये कोरोनाचा विषाणू वायुकोशांच्या पेशींत कसा शिरतो, हे त्यांच्यावर पाहता आले. सरांच्या आजारात ऊती कशा कडक होतात, हेही त्यांच्यावर अभ्यासले जाते, औषधे आधी त्यांच्यावर पारखली जातात. एवढे तरी तेव्हा मला त्यांना सांगता आले असते. सर भाषेचे शिक्षक होते. त्या प्रत्ययाबद्दल त्यांनी माझ्याशी वाद घातला असता.